मिठाचा दंड

तापीच्या काठावर उभं राहून नाव बघणाऱ्या माणसाला एक गोष्ट हमखास खटकते. सगळे नावाडी खांद्यावर दोर घेऊन चिखलातून नाव ओढत असतात आणि एक माणूस मात्र नावेच्या मागच्या टोकाला सुकाणू धरून बसलेला असतो. 'हा काय नवरदेव आहे का?' असं काठावरचे म्हणतात. मोठ्यानं म्हणतात, ऐकू जावं म्हणूनच म्हणतात. तो बसलेला माणूस म्हणजे तांडेल. माझी उमेदीची सगळी वर्षं त्या जागेवर गेली.

वाचनालयाच्या चिटणीसांनी दिवाळीच्या अंकासाठी धंद्यातलं काही लिहा म्हटल्यापासून मी कागद पुढ्यात घेतो आणि परत ठेवून देतो. मराठी तिसरीत माझी शाळा सुटली. बाप मचव्यावर गेला तो परत आला नाही, म्हणून पाटी ठेवली आणि वल्हं धरलं. तेव्हा वाक्य कुठं सुरू होतं नि कुठं संपतं हे मला पाण्याइतकं कळत नाही. तरी ज्या मुलखानं मला पोसलं त्याचं थोडं ऋण फिटलं तर फिटलं, म्हणून बसलो आहे.

माझं गाव रत्नागिरीकडच्या एका खाडीवर. नारळ आणि कौलं घेऊन सुरतेला जाणाऱ्या पडावावर मी मोठा झालो. सुरतेच्या धक्क्यावर नरोत्तमभाई भेटले. तापीकाठचे गुजर शेतकरी, केळी-कापूस पिकवणारे, आणि त्या सालापासून नदीच्या उताराचे, म्हणजे नावेनं पलीकडे पोचवायच्या घाटाचे, ठेकेदार. त्यांनी दोन भरल्या गाड्या बैलांसकट मावतील अशी नवी नाव बांधून घेतली होती. मला म्हणाले, "आमचे भोई नदीला घरच्या बाईसारखे ओळखतात, पण एवढ्या मोठ्या नावेचं सुकाणू त्यांनी धरलेलं नाही. चल भाई, वर्षभर बघ. नाही जमलं तर आगगाडी आहेच." मी आलो. आगगाडी अजून आहे, मी मात्र गेलो नाही.

उतार प्रकाशे गावाच्या थोडा खाली होता. उत्तरेकडून शहाद्या-तळोद्याचा कापूस, डोंगरातली चारोळी नि डिंक यायचा, दक्षिणेकडून नंदुरबारच्या बाजारातलं कापड, गूळ, रॉकेल जायचं. उन्हाळ्यात नदी मांडीभर. तेव्हा गाड्या पाण्यातूनच जात आणि आम्ही काठावर जाळी विणत बसायचो. आमचं खरं काम आषाढापासून.

समुद्रावरच्या माणसाला नदी सोपी वाटते. मलाही वाटली. पण समुद्राला भरती-ओहोटी असते. एखादी वेळ चुकली तर तेच पाणी काही तासांनी उलटं फिरून तुम्हाला परत आणतं. पहिल्या पावसाळ्यात मी सवयीनं पाणी फिरायची वाट बघत बसलो. आमच्यातला सर्वांत जुना नावाडी सुपडूबा भोई. त्यानं तंबाखू मळता मळता विचारलं,

"काय दखी ऱ्हायना तू?"

"पाणी फिरेल म्हणून बघतोय."

सुपडूबा इतका हसला की तंबाखू सांडली. "हाई काय समिंदर नही, तांडेल भो! हाई पानी गयं ते गयं. वाट दखशी ते आठेच म्हातारा व्हई जाशी."

तेव्हा मीही हसलो. पण ते वाक्य पुढं माझ्या उरावर बसलं.

आता नाव पार कशी जाते ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुरात नाव सरळ समोर नेता येत नाही. धार तिला खाली ओढते. म्हणून आधी काठाकाठानं नाव दोरानं वर ओढत न्यायची, घाटाच्या बऱ्याच वर. मग सोडायची आणि वल्ही मारायची. धार खाली नेते, वल्ही पलीकडे नेतात, आणि दोन्हींचा मेळ बसला की नाव समोरच्या घाटाला अलगद लागते. मेळ नाही बसला तर घाट चुकतो, नाव खाली कुठंतरी लागते, आणि मग पुन्हा दोर लावून तिला घाटापर्यंत ओढून आणायची. या ओढण्याच्या वेळी तांडेल उतरत नाही. दोर काठावरून ओढला जातो, त्यामुळे नावेचं तोंड सारखं काठाकडे वळतं. मागून कुणी सुकाणू दाबून धरलं तरच ती सरळ चालते. सोडलं तर तोंड काठात रुततं, मागचा भाग धारेत फिरतो, आणि आडव्या झालेल्या नावेला नदी जो हिसका देते त्यात दोरावरची माणसं मागच्या मागे पाण्यात जातात. सुपडूबानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तुन्हं काम बठानं शे. लोक हासतीन. हासू दे."

बसणं जड जातं हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आमच्यात जालम नावाचा एक भिल्ल गडी होता. सातपुड्यात मोलगीच्या अलीकडे त्याचा पाडा. घरी तो भिली बोलायचा, घाटावर राहून अहिराणी शिकला होता. पुढच्या टोकाला बांबू घेऊन उभं राहायचं काम त्याचं. खडक आला की बांबू टेकून नाव बाजूला लोटायची. त्याच्या बांबूवर माझा इतका भरवसा होता की मी पुढं बघायचंही सोडून दिलं होतं.

एका श्रावणात ऊन पडलं होतं. नदी भरलेली, पण शांत. आम्ही दक्षिणेच्या काठावरून नाव वर ओढली, सोडायच्या बेतात होतो. तेवढ्यात पाण्यावरून सागाची दोन-चार मोठी हिरवी पानं वाहत गेली. मी पाहिली. तापीच्या सपाटीवर साग नाही. सागाचं पान म्हणजे डोंगराचं पाणी, म्हणजे गोमाई नदी सातपुड्यात भरून वरच्या अंगानं तापीत येऊन पडली. हे मला सुपडूबानं शिकवलेलं होतं. पण ऊन होतं, नावेत माणसं खोळंबली होती, आणि मी म्हटलं, सोडा.

मध्यधारेत पाणी एकदम गढूळ झालं नि उचललं. घाट डोळ्यांसमोरून निघून गेला. खाली उत्तरेच्या काठाला काळ्या खडकाची एक कड आहे, नाव तिच्यावर चालली. जालमनं बांबू टेकला, बांबू शेवाळावर निसटला, आणि नाव लोटायला त्यानं हात पुढं केला. माणसं वाचली, बैल वाचले, नाव वाचली. जालमच्या उजव्या हाताची बोटं खडकावर राहिली. अंगठा तेवढा उरला.

त्याला गाडीत घालून नंदुरबारच्या दवाखान्यात मीच नेलं. वाटेत तो एकदाही ओरडला नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सुपडूबा म्हणाला, "गोमाईनं पानी कोनलेच दिसनं नही. मलेबी दिसनं नही."

पण पानं मला दिसली होती.

नरोत्तमभाईंनी मला काढलं नाही. जालमलाही ठेवून घेतलं, नावेतलं पाणी डब्यानं उपसायच्या कामावर. मी त्यांच्या पायाशी बसून म्हटलं, मला घालवा. ते म्हणाले, "तुला घालवून त्याची बोटं येतात का? जा, नाव बघ." या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या दिवशी मला उपकार नको होते, मार हवा होता. तो कुणी देईना, म्हणून मीच द्यायला लागलो.

आमच्या कोकणात 'मेल्या' ही शिवी उठता-बसता असते, मायेनंसुद्धा. मी ती स्वतःला द्यायला लागलो, मायेशिवाय. सुकाणू जरा हललं की मेल्या. उतारूचा चढताना पाय घसरला की मेल्या, तुझ्यामुळे. सगळे एकत्र जेवायचे तिथं मी जेवणं सोडलं. ज्या दिवशी काही चुकलं त्या दिवशी भाकरीला हात लावत नसे. सर्वांत जड ओझं मी उचलणार, पावसात मी उघड्यावर निजणार. गडी आपसांत बोलायचे ते कानावर यायचं.

"तांडेल कोनले मेल्या म्हनी ऱ्हायना रे?"

"दुसरा कोनले? सोतालेच!"

आधी हसत. मग हसेनासे झाले. मी समजलो, आता यांना माझा धाक वाटतो, काम नीट होईल. मनात कुठंतरी असंही होतं की स्वतःला इतकं झोडणारा माणूस प्रामाणिक असतो. दुसऱ्या कुणावर मी कधी आवाज चढवला नाही, याचा मला अभिमान होता. माझ्या हाताखालच्या माणसांचं त्यात काय होत होतं हे मी पाहिलंच नाही.

पुढच्या वर्षीचा भादवा. उत्तरेकडच्या एका गावची सोनाबाई नावाची म्हातारी, पोटात गाठ येऊन तळमळत होती. तिला खाटेवर घालून नंदुरबारच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मुलगा आणि सून बरोबर. गाडी पलीकडे घाटावर तयार ठेवलेली. बाजाराला जाणारे आणखी उतारू होतेच. पाणी मोठं होतं, पण जायला हरकत नव्हती. मी तीन-तीनदा पाणी पाहिलं, एक पान दिसलं नाही. नाव वर नेली आणि सोडली.

मध्यधारेत खाडकन आवाज झाला. बुधा म्हणून आमचा एक पोक्त वल्हेकरी होता, त्याचं वल्हं मधोमध तुटलं. एका अंगाचा जोर गेला, नाव फिरली. ती सावरेपर्यंत घाट वर राहिला, आणि आम्ही खाली एका उभ्या दरडीखाली लागलो.

मी बुधाकडे पाहिलं. तुटलेल्या जागेवर चिंधी गुंडाळलेली होती, वर डांबर फासलेलं. म्हणजे वल्हं आधीपासून चिरलेलं होतं.

"बुधा, तुला ठाऊक होतं?"

तो खाली मान घालून म्हणाला, "व्हय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुले सांगाले भ्याव वाटस. मांगला म्हैनामा दोरनी गाठ सुटनी, ते तू जेवनाच नही. वल्हं फुटनं म्हनी सांगं, ते तू काय करशी कोन जाने."

तो माझ्या माराला भीत नव्हता. मी त्याला कधी मारलं नव्हतं. मी स्वतःला मारतो, ते बघवत नाही म्हणून त्यानं चिरलेलं वल्हं चिंधीत लपवलं होतं. हे त्याच क्षणी माझ्या डोक्यात शिरलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण माझ्या डोक्यात एकच आवाज होता: मेल्या, पुन्हा तूच.

धडधाकट उतारू मुळ्या धरून दरड चढून गेले. खाट चढवणं शक्य नव्हतं. म्हणून म्हातारी नावेतच राहिली, शेजारी सून, आणि पाणी उपसायला जालम. बाकी सगळे दोरावर. नाव घाटापर्यंत ओढून न्यायची होती. काठाला लागून एक चिखलाची निरुंद पट्टी होती, तिच्यावरून.

दरडीवरून कुणीतरी ओरडलं, "वल्हं बी फुटकं आनि तांडेल बी बठेल!"

मी सुकाणू दोरीनं खुंटीला बांधलं आणि खाली उडी मारली. सर्वांच्या पुढं जाऊन दोर खांद्यावर घेतला. सुपडूबा मागून ओरडला, "तू काब्र उतरना? नाव कोन धरी?" मी म्हटलं, "चूक माझी, ओढीनही मीच." खरं सांगतो, दोर खांद्यात रुतला तेव्हा मला बरं वाटलं. चिखल तोंडावर उडत होता ते बरं वाटत होतं. किती दिवसांनी हवी ती शिक्षा मिळाली होती.

थोडं अंतर चाललो असू. बांधलेल्या सुकाणूला डोळे नसतात. पुढं काठ जरासा आत वळला, नावेचं तोंड काठात रुतलं आणि मागचा भाग धारेत फिरू लागला. दोर एकदम मागं आला. मी पुढं होतो, पहिला मीच पडलो, माझ्यावर बुधा, त्याच्यावर दुसरे. दोर आमच्या गळ्या-खांद्यांत अडकलेला, आणि नाव आम्हाला पाण्याकडे नेत होती. नावेत खाट सरकली. सुनेची किंकाळी ऐकू आली.

जालमनं डबा टाकला. मागच्या टोकाला धावला, बांधलेली दोरी दातानं ओढून सोडली आणि सुकाणूचा दांडा उजव्या काखेत धरला. त्या हाताला धरायला बोटं नव्हती. त्यानं सगळं अंग दांड्यावर टाकलं. "ढील द्या! दोर ढील द्या!" असं तो ओरडला. सुपडूबानं गड्यांना ओढून उठवलं, दोर सैल केला. नाव हळूहळू सरळ झाली. मग जालमनं तिथंच बसून ती घाटापर्यंत नेली. त्या वाटेत मी दोरावर होतो की नव्हतो, मला आठवत नाही.

खाट गाडीत चढली, गाडी नंदुरबारच्या वाटेला लागली. मग सुपडूबा माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत तो मला रागानं बोलला तो एकदाच.

"दोर वढाले आठे इतला जन शेतस. सुकाणू धराले एकच शे. तुले तुन्हाच राग उना, ते तू जागा सोडी दिन्ही. त्या म्हातारीनी काय चूक व्हती?"

मी जालमकडे पाहिलं. तो कोपरापासून सोलवटलेला हात पाण्यात बुडवून बसला होता. मी म्हटलं, "जालम, मी तुझा गुन्हेगार..."

त्यानं मला पुरतं बोलू दिलं नाही. "मन्हा हात खडकनी एकदाव मोडा," तो शांतपणे म्हणाला. "तू रोज मोडी ऱ्हायना."

पूर ओसरल्यावर तो मला त्याच्या पाड्यावर घेऊन गेला. का नेतोय ते सांगितलं नाही. खापरपर्यंत गाडीवाटेनं, मग डोंगरात पायी. समुद्रकाठच्या माणसाचे पाय डोंगरात कसे होतात ते काय सांगावं! जालम पुढं जाऊन दगडावर बसायचा आणि माझी वाट बघायचा. एकदाही चल म्हणाला नाही.

पाड्यावर एका मोहाच्या झाडाखाली माणसं जमली. पाड्याचे म्हातारे कारभारी मध्ये बसले. जालम त्यांच्या बोलीत बराच वेळ बोलला. मग मला अहिराणीत सांगितलं, पंच बसले आहेत, तुझी-माझी बाब मिटवायची आहे. मला हायसं वाटलं. आता खरी शिक्षा होणार होती. मी सगळं सांगितलं, सागाच्या पानांसकट. एवढंच नव्हे, चार गोष्टी माझ्याविरुद्ध वाढवूनच सांगितल्या. कारभारी ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं आणि जालमनं मला सांगितलं,

"तुन्हा गावले काय ऱ्हास?"

"समुद्र," मी म्हटलं.

"त्यामा काय ऱ्हास?"

"मासळी. मीठ."

माणसांत कुजबुज झाली. डोंगरात मीठ खालून यायचं, पाठीवरून. बाजाराला डिंक न्यायचा आणि मीठ आणायचं. कारभाऱ्यांनी पंचांकडे पाहिलं आणि दंड सांगितला: मिठाचं एक पोतं. ते स्वतः वर आणायचं आणि पाड्यातल्या घराघरांत आपल्या हातानं ओंजळ ओंजळ वाटायचं.

मी म्हटलं, एवढंच? एका माणसाच्या हाताची बोटं, आणि एवढंच?

जालमनं ते त्यांना सांगितलं. कारभारी हसले नाहीत. म्हणाले, कमी-जास्त ठरवणारा तू कोण? पंच कोण, तू का आम्ही?

हा प्रश्न मला आजपर्यंत पुरला आहे. वर्षभर मीच फिर्यादी, मीच पंच, मीच कोतवाल होऊन बसलो होतो. ज्याचा हात गेला त्याला तर मी विचारलंही नव्हतं.

मी खाली आलो, पोतं घेतलं, आणि ते घेऊन पुन्हा चढलो. घरोघर मीठ वाटलं. संध्याकाळी सगळ्यांचं एकत्र जेवण झालं, उडदाची डाळ आणि ज्वारीची भाकर. डाळीत माझंच मीठ. जालमनं पहिली चिमूट माझ्या हातून घेऊन जिभेवर ठेवली. मी लांब बसलो होतो, मला भूक नाही म्हणालो. तेव्हा कळलं की रीतीप्रमाणे ज्याची चूक त्यालाही त्याच मिठाचं जेवावं लागतं. उपाशी बसायची त्याला मुभा नाही. तो जेवला नाही तर दंड फिटला असं होत नाही. मला ओळीत बसवलं, जालमच्या शेजारी. जालम डाव्या हातानं खात होता. मी पहिला घास घेतला. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही हीसुद्धा त्यांची रीतच असावी.

मग कारभाऱ्यांनी शेवटचं सांगितलं. बाब मिटली. मीठ सगळ्यांच्या पोटात गेलं. आता हा विषय जो काढील त्याला पुन्हा तोच दंड. जालमनं काढला तर जालमला, तांडेलनं काढला तर तांडेलला.

मला राहवलं नाही. मी जालमला म्हटलं, "त्यांना सांग, पानं दिसल्यावर मी जर नाव थांबवली असती..."

सगळा पाडा हसायला लागला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. जालम डाळीचा ठसका लागेपर्यंत हसला. "दंड! दंड!"

तर मी दुसरं पोतंही चढवलं, हे सांगायला हवं.

त्यानंतर मी बदललो असं म्हणणं सोपं आहे. मेल्या ही शिवी एवढ्यानं जात नाही. पण ती तोंडात आली की जालम नावेच्या दुसऱ्या टोकाहून मान वर करायचा आणि हळूच म्हणायचा, "मीठ." गडी हसायचे, मी शिवी गिळायचो. हळूहळू मला एक युक्ती सापडली. काही चुकलं की मनात म्हणायचं, हे बुधाकडून झालं असतं तर मी त्याला काय सांगितलं असतं? सांगितलं असतं, झालं ते झालं, वल्हं बदल, पाण्याकडे बघ. मग तेच स्वतःला सांगायचं. त्याच आवाजात. ते फार अवघड आहे. दुसऱ्याशी बोलायचा मऊ आवाज आपल्याकडे तयार असतो. स्वतःसाठी तो मुद्दाम काढावा लागतो.

चूक विसरायची असं मात्र नाही. सागाचं पान दिसलं की मी त्यानंतर कधीही नाव सोडली नाही, मग काठावर कोण कितीही ओरडो. पूर्वी मी पानांची आठवण स्वतःला मारायला काढायचो. आता ती नाव थांबवायला काढू लागलो. आणि रोज सकाळी गडी आपणहून सांगायला लागले. "तांडेल भो, मन्हं वल्हं चिरायनं शे." "गाठ ढिली शे." एवढं ऐकलं की दिवस चांगला जाणार हे कळायचं. बुधानं तर एकदा नसलेली चीरही दाखवली.

सोनाबाई बरी झाली. पुढं कितीतरी वर्षं ती माहेरी-सासरी जाताना आमच्याच नावेनं जायची, आणि पाय आत ठेवायच्या आधी, सगळ्या उतारूंसमोर, विचारायची, "कारे भो, आज तांडेल नावमा शे का दोरले शे?"

"नावेत आहे, आजी."

"मंग चाल."

एकदा एक वऱ्हाड घेऊन जाताना घाट असाच चुकला. खाली लागलो, सगळे दोरावर उतरले. काठावर वऱ्हाडातले बाप्ये माझ्याकडे बोट दाखवून काहीबाही बोलत होते. एकानं विचारलं, नवरदेव दोन आहेत का? माझे पाय उडी मारायला शिवशिवत होते. पण मी बसून राहिलो. सुकाणू धरून, नाव सरळ ठेवून, घाटापर्यंत. माझ्या धंद्यात मी जे काही शौर्य केलं असेल ते एवढंच.

सगळं फिटलं असंही नाही. आई तिकडे खाडीवरच्या घरी वारली तेव्हा इथं पूर होता आणि निरोप मला उशिरा मिळाला. त्या बाबतीत मी स्वतःला अजून कधीकधी मेल्या म्हणतो, आणि मीठ म्हणणारं आता कुणी नाही. सुपडूबा गेला, नरोत्तमभाई गेले. गेल्या उन्हाळ्यात जालमही गेला. त्याच्या मुलीनं निरोप धाडला होता, शेवटपर्यंत तुमची चौकशी करायचे म्हणून.

पण आज एवढं लिहून झाल्यावर लक्षात आलं की हा विषय मी पुन्हा काढला आहे, तोही छापायला. रीत मोडली. पंच बसोत न बसोत, दंड ठरलेला आहे. तेव्हा मिठाचं पोतं आणून ओसरीवर ठेवलं आहे. दिवाळी झाली की निघेन. घरोघर ओंजळ वाटायची, उडदाची डाळ खायची, आणि जालमच्या मुलीच्या शेजारी ओळीत बसायचं.

गुडघे आता चढू देत नाहीत. म्हणून यावेळी जिथवर बैल जाईल तिथवर पोतं गाडीत घालणार आहे. आणि पोत्याशेजारी मीही बसून जाणार आहे. वाटेत कुणी हसलं तर हसू दे.